दुपारची शांतवेळ

गिरिजा सामंतचं काम ऐकायला मोठं आणि करायला किचकट होतं. मीरा रोडला हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक सहा मजली खासगी हॉस्पिटल आहे, तिथे ती संशोधन समन्वयक होती. म्हणजे अभ्यास डॉक्टर करायचे आणि त्या अभ्यासाचे कागद गिरिजा सांभाळायची. नातेवाइकांना समजावून संमतीपत्रावर सही घ्यायची, रोजच्या नोंदी पडताळायच्या, एकही रकाना रिकामा राहू द्यायचा नाही. आधीची बारा वर्षं तिने परळच्या एका लॅबमध्ये काढली होती. आकड्यांवर तिचा जेवढा विश्वास होता तेवढा माणसांच्या बोलण्यावर नव्हता, आणि ते ती लपवतही नसे.

अभ्यास आयसीयूतल्या अत्यवस्थ रुग्णांचा होता. छातीवर तळहाताएवढी पट्टी चिकटवायची, आणि ती पट्टी हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर टिपत राहायची. डॉक्टर जितेंद्र कामदारांचं म्हणणं असं, की माणूस ढासळायच्या काही तास आधी ह्या अंतरांत बारीक फरक पडायला लागतो. तो वेळेवर ओळखता आला तर कितीतरी जीव वाचतील. म्हणणं चांगलंच होतं. गिरिजाला ते मनापासून पटलेलं होतं. हे सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते कोणाच्या वाईट हेतूने झालं नाही.

नोंद स्वच्छ यायची तर रुग्णाला दोन तास कोणी हात लावता कामा नये. सुई नाही, कूस बदलणं नाही, भेट नाही. त्यासाठी दुपारी दोन ते चार ही वेळ ठरली. आयसीयूतले अर्धे दिवे मालवायचे, पडदे ओढायचे, सिस्टरांनी कुजबुजत बोलायचं. डॉक्टर तिला शांतवेळ म्हणायचे. पूर्वी साडेतीनला नातेवाईक पंधरा मिनिटं आत येत. ती भेट आता साडेचारवर गेली. एका रुग्णाच्या लागोपाठ तीन शांतवेळा मिळाल्या की तो अभ्यासात धरला जायचा. एखादी मोडली की तिन्ही बाद. जिवावर बेतलं तर अर्थातच सगळं बाजूला ठेवायचं, असं कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. जिवावर बेतलं आहे की नाही हे कोणी ठरवायचं, ते लिहिलेलं नव्हतं.

अभ्यासाचा दुसरा भाग म्हणजे जे वाचले त्यांच्या घरी तीन महिन्यांनी जाऊन मुलाखत घ्यायची. प्रश्न चौदा. सहावा प्रश्न असा, की आयसीयूत असताना तुम्हाला काही दिसलं का, काही ऐकू आलं का. ह्या प्रश्नावर बहुतेकांकडे सांगायला काहीतरी असतंच. कोणाला छतावर मुंग्यांची रांग दिसलेली असते, कोणी बँडबाजा ऐकलेला असतो, बँकेतून रिटायर झालेल्या एका गृहस्थांना खाटेभोवती त्यांचं काउंटर आणि समोरची रांग दिसत होती. ताप, औषधं, झोपेचा अभाव, त्यातून मेंदू असले खेळ करतो. गिरिजा शांतपणे लिहून घ्यायची आणि सातव्या प्रश्नावर जायची.

सप्टेंबरात ती शांती नगरमध्ये साईराज नावाच्या मुलाकडे गेली. वय सव्वीस, कुरियर कंपनीत कामाला, जूनमध्ये लेप्टोचा ताप येऊन नऊ दिवस आयसीयूत होता. सहाव्या प्रश्नावर तो हसला आणि म्हणाला, मॅम, तुम्ही वेडा म्हणाल. मग त्याने सांगितलं ते असं. रोज दुपारी दिवे मंद झाले की एक बाई त्याच्या खाटेजवळच्या स्टीलच्या स्टुलावर येऊन बसायची. मांडीवर काळी पिशवी. पिशवीतून ती ताडगोळा काढायची आणि नखाने त्याची साल सोलायची. सालीचा तो ओलसर, गारगार वास त्याला स्पष्ट यायचा. त्याचं तोंड तेव्हा कागदासारखं कोरडं पडलेलं असायचं. सोलून झालं की ती ताडगोळा त्याच्या ओठांपर्यंत आणायची. एक थेंब ओठावर पडायचा. मग ती वाकून त्याचा चेहरा नीट बघायची, ‘ह्यो न्हाय’ म्हणायची आणि ताडगोळा परत पिशवीत टाकायची.

‘‘मी रडायचो मॅम,’’ साईराज म्हणाला. ‘‘मरायची भीती नव्हती वाटत. तो ताडगोळा द्यावा एवढंच वाटायचं.’’

गिरिजाने लिहिलं: दृष्टिभ्रम, तहानेशी संबंधित. भीतिदायक नाही.

पुढच्या आठवड्यात भाईंदर पश्चिमेला ती अनुष्का नावाच्या शिक्षिकेकडे गेली. ह्या बाईंची आणि साईराजची काही ओळख नव्हती, आयसीयूतल्या तारखाही वेगळ्या होत्या.  सहाव्या प्रश्नावर त्यांनीच विचारलं, तिथे दुपारी फळवाल्या बायकांना आत सोडतात का?

दिवाळीपर्यंत असं सात जणांनी सांगितलं. पिशवी काळी. स्टूल उजव्या हाताला. शब्द दोनच. गिरिजाने घरी जेवणाच्या टेबलावर सगळ्या तारखा मांडल्या. अकरा मेच्या आधी जे दाखल होऊन सुटले होते त्यांपैकी एकानेही ह्या बाईचं नाव काढलेलं नव्हतं. नंतरच्या प्रत्येकाने काढलं होतं.  मग तिच्या मनात दुसरी एक गोष्ट आली आणि तिने कागद पालथा घातला. ह्या सातही जणांच्या ओठांपासून बाईने ताडगोळा मागे घेतला होता. मुलाखत फक्त वाचलेल्यांचीच होते. ज्याच्या ओठांपासून तो मागे घेतला नाही असा कोणी असेल, तर त्याला विचारायची सोय नव्हती.

डॉक्टर कामदारांना तिने सांगितलं तेव्हा ते खूश झाले. एकाच वॉर्डात एकच भ्रम पसरतो, असं ते म्हणाले. सिस्टर बोलतात, वॉर्डातले मामा लोक बोलतात, अर्धवट शुद्धीतला माणूस ते ऐकून आपलं चित्र तयार करतो. शोधनिबंधात ह्यावर एक परिच्छेद छान होईल. मग त्यांनी वेगळीच तक्रार काढली. मेपासूनच्या सगळ्या नोंदींमध्ये शांतवेळेत एक गडबड दिसत होती. प्रत्येक रुग्णाचे ठोके अर्धा तास एकाच पद्धतीने अडखळत होते, जसं काही सगळे मिळून कशाकडे तरी कान देत होते. हे अर्थात डॉक्टरांचे शब्द नव्हते. डॉक्टर म्हणाले, वायरिंगमध्ये दोष असेल, इलेक्ट्रिशियनला सांगा.

‘‘किती वाजता होतं सर?’’

‘‘दोन चाळीसला सुरू. तीन दहाला बंद. एकदम घड्याळ लावल्यासारखं.’’

दोन चाळीस म्हटल्यावर गिरिजाला जे आठवलं, ते तिने सहा महिने आठवू दिलं नव्हतं.

अकरा मे. सात नंबरच्या खाटेवर ईश्वर नावाचा माणूस होता, भाईंदरपलीकडच्या डोंगरी गावचा, पंचावन्न वर्षांचा. तरुणपणी भाईंदरच्या मिठागरांत काम केलेला, पुढे कुठल्या सोसायटीत वॉचमन. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया होता आणि तोंडावर घट्ट मास्क बांधलेला होता. त्याची बायको मनोरमा स्टेशनबाहेर ताडगोळे विकायची. संमतीपत्रावर तिची सही गिरिजानेच घेतली होती. ह्याने तुमच्या मिस्टरांवर जास्त लक्ष राहील, असं गिरिजा तेव्हा म्हणाली होती. ते खोटं नव्हतं. पट्टी खरोखरच लक्ष ठेवून होती. फक्त ती जे टिपत होती ते अभ्यास संपेपर्यंत कोणी वाचणार नव्हतं.

ती ईश्वरची तिसरी शांतवेळ होती. दोन चाळीसला त्याने मास्क ओढून काढला आणि बायकोला हाक मारली. मनू. सिस्टर मिनलने मास्क परत बसवला, त्याने परत काढला. त्याला तहान लागली होती, आणि मनूने आणायचं कबूल केलेलं काहीतरी त्याला हवं होतं. मिनल गिरिजाजवळ आली. बायको बाहेरच बसली आहे, दोन मिनिटं आत घेऊ का, तिला बघून हा शांत होईल, असं तिने विचारलं. गिरिजाने घड्याळ बघितलं. ऐंशी मिनिटं उरली होती. ऑक्सिजन ठीक होता, रक्तदाब ठीक होता. जिवावर बेतल्यासारखं कागदावर काही दिसत नव्हतं. ती म्हणाली, चारला घेऊ. मिनलने त्याचा हात मऊ पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधला. मास्कच्या आतून तो अर्धा तास हाका मारत राहिला. तीन दहाला गप्प झाला. सगळ्यांना बरं वाटलं, झोप लागली म्हणून. तीन पस्तीसला समोरच्या मॉनिटरवरची रेघ सरळ झाली. मग दिवे लागले, डॉक्टर धावले, चाळीस मिनिटं छाती दाबली. मनोरमाला सव्वाचारनंतर आत घेतलं. तिच्या हातात काळी पिशवी होती. दारावरच्या सिक्युरिटीने ती काढून घेतली, कारण खाण्याचे पदार्थ आत चालत नाहीत.

त्या दिवशीची नोंद फार स्वच्छ आली होती. शेवटचे ठोके इतके सुंदर टिपलेले आधी कोणी पाहिले नव्हते, असं डॉक्टर कामदार म्हणाले. दिल्लीच्या परिषदेत त्यांनी ती मोठ्या पडद्यावर दाखवली. नाव अर्थातच लपवलं होतं.

त्यानंतर गिरिजा दुपारी दोन ते चार आयसीयूत जाईनाशी झाली. तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये बसून ती फायली लावायची. कोणी कारण विचारलं नाही.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिला उत्तनजवळच्या पालीला जावं लागलं. विमलाबाई नावाच्या कोळीणबाई ऑगस्टमध्ये न्यूमोनियातून वाचल्या होत्या. बस उत्तनला पोहोचली, तिथून पुढे गल्लीगल्लीतून ती विचारत गेली. विमलाबाई ओट्यावर बसून सुकत घातलेल्या बोंबलांवर लक्ष ठेवत होत्या. सहावा प्रश्न येईपर्यंत त्यांनी गिरिजाला दोनदा चहा विचारला. मग त्या सहज म्हणाल्या, की ताडगोलेवाली मनू यायची ना, डोंगरीची. बाजारात त्यांची वर्षानुवर्षांची ओळख. आधी वाटलं भेटायला आली असेल. पण मनूने ओळख दाखवली नाही. तोंड बघितलं, ह्यो न्हाय म्हणाली. बाईमाणसाला ह्यो कशाला म्हणते, हे विमलाबाईंना कळेना.

गिरिजाने जपून विचारलं, ती बाई आता आहे का?

‘‘म्हंजे?’’ विमलाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. ‘‘जित्ती हाय बाय. परवा बाजारान बोलली माज्याशी. तिचा घोव गेला तुमच्या दवाखान्यान. ती न्हाय.’’

डोंगरी परतीच्या वाटेवरच होतं. गिरिजाने रिक्षा केली. आपण काय विचारणार आहोत हे तिने रिक्षात ठरवायचा प्रयत्न केला आणि ते जमलं नाही. शेवटी तिने स्वतःला सांगितलं, की मृत रुग्णाच्या कुटुंबाची विचारपूस करणं नियमात बसतं.

घर वाडीच्या टोकाला होतं. अर्धं पक्कं, अर्धं कौलारू. मागे ताडाची दोन झाडं, त्यांच्या झावळ्या वाऱ्यावर पत्र्यासारख्या वाजत होत्या. मनोरमा उंबऱ्यात बसली होती, भिंतीला टेकून, हात मांडीवर मोकळे. ती गिरिजाच्याच वयाची असेल, पण जास्त थकलेली दिसत होती. तिने गिरिजाला बघितलं आणि बाजूला सरकून जागा केली.

‘‘वलखलं तुमाला. सही तुमीच घेतलीव.’’

गिरिजा बसली. विचारपूस केली. मुलगी सासरी वसईला असते, मिठागरातलं कोणी आता येत नाही, पाठ दुखते, असं मनोरमाने सांगितलं. हॉस्पिटलात परत कधी आला होतात का, ह्यावर तिने मान हलवली. कशाला येऊ, असं म्हणाली. गिरिजा मान खाली घालून ऐकत होती, आणि तेव्हा तिला उंबऱ्याजवळ पडलेली सालं दिसली. पातळ, पिवळसर, ओली. ताजी सोललेली. ताडगोळे जूनमध्ये संपतात. बाजारात पाच महिने एक ताडगोळा नव्हता. तो गारगार वास तिच्यापर्यंत आला. तिने त्याबद्दल काही विचारलं नाही.

बोलता बोलता मनोरमा थांबली. मान किंचित वाकडी केली, लांबून कोणी बोलावत असल्यासारखी. गिरिजाने घड्याळाकडे बघायचं टाळलं.

‘‘एक इचारू?’’ मनोरमा म्हणाली. ‘‘त्यानं मना हाक मारली का?’’

झावळ्या वाजत होत्या. गिरिजाकडे खरं उत्तर होतं, ते मिनलच्या हस्ताक्षरात वेळेसकट लिहिलेलं होतं. ते दिलं असतं तर पुढचा प्रश्न काय असता तेही तिला कळत होतं. आणि ही बाई आता किती रडेल, तिला आपण कसं सावरणार, त्यापेक्षा तिच्या मनाला शांती मिळू दे, असा एक चांगला दिसणारा विचार तिच्या हाताशी होता. तिने तो उचलला.

‘‘नाही. शांत होते ते. झोपेतच गेले.’’

मनोरमाने एक साल उचलून बोटांत दुमडली.

‘‘मंग मना भायेर ऐकू येत व्हता तो कोन?’’

गिरिजा म्हणाली, की बाहेर काही ऐकू येत नाही, मध्ये दोन दारं आहेत. हे खरं होतं. ती स्वतः बाहेर उभी राहून बघून आली होती.

‘‘तुमी आत व्हताव,’’ मनोरमा सावकाश म्हणाली. ‘‘तुमाला ठाव. तुमी म्हनताव तर न्हाय मारली.’’ तिने सालं एकत्र केली, अंगणाच्या कडेला टाकली, हात पदराला पुसले. मग भिंतीला धरून उठली आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, ‘‘मंग आता मी कशाला जाव.’’

कुठे, ते गिरिजाने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून नोंदींमधली गडबड थांबली. दोन चाळीसला ठोके सुरळीत, तीन दहाला सुरळीत. इलेक्ट्रिशियनने काहीतरी केलं असणार असं डॉक्टर म्हणाले, आणि इलेक्ट्रिशियनने नाही म्हटलं नाही. अभ्यासाला हवे होते ते साठ रुग्ण जानेवारीत पूर्ण झाले. मुलाखती चालू राहिल्या. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यानंतर जे दाखल झाले होते, त्यांच्यापैकी पहिल्या तिघांना काहीच दिसलं नव्हतं. गिरिजाने त्यांच्या सहाव्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं, आणि प्रत्येक वेळी तिला हलकं वाटलं. मनोरमाला बरं वाटलं असेल, आपण बोललो ते योग्यच बोललो, असं तिने मनाशी पक्कं केलं. डोंगरीला ती परत गेली नाही. मार्चमध्ये स्टेशनबाहेर ताडगोळेवाल्या बसायला लागल्या तेव्हा ती दुसऱ्या बाजूच्या जिन्याने उतरायला लागली.

मार्चच्या अखेरीस ती पंढरीनाथ काकांकडे गेली. हे पोस्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, वीस वर्षांपूर्वी गिरगावातून इकडे राहायला आलेले गृहस्थ. शांती नगरलाच, दुसरा मजला. डिसेंबरात रक्तात जंतुसंसर्ग होऊन बारा दिवस दहा नंबरच्या खाटेवर होते. त्यांच्या बायकोने, वासंतीकाकूंनी, दार उघडलं. दुपारचे दोन वाजून गेले होते. जेवणं आटोपली होती, खिडकीचा पडदा ओढलेला होता. काका पलंगावर उशीला टेकून बसले होते. पलंगाशेजारी प्लास्टिकची खुर्ची होती, गिरिजा तिच्याकडे वळली, तर काकांनी हात करून तिला पलीकडच्या सोफ्यावर बसायला सांगितलं.

माणूस अतिशय सभ्य. प्रत्येक उत्तराच्या आधी ‘हो मॅडम’. पहिले पाच प्रश्न दहा मिनिटांत झाले.

सहावा प्रश्न तिने वाचला. काकांना तो कळला नसावा असं वाटलं.

‘‘दिसलं म्हणजे, तुम्हीच होतात की.’’

गिरिजा हसली. तिने सांगितलं, की संमतीपत्राच्या वेळी आपण काकूंना भेटलो होतो, तुम्ही तेव्हा शुद्धीवर नव्हता.

‘‘तेव्हाचं नाही मॅडम. रोज दुपारी. स्टुलावर बसायचात. मांडीवर ही फाइल.’’

मी दुपारी आत येत नाही, असं गिरिजा म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखाच आला ह्याचं तिला बरं वाटलं. काका संकोचले. तिला खोटं पाडायची त्यांची इच्छा नव्हती.

‘‘मी काय करत होते?’’ तिने विचारलं.

‘‘माझ्याशी काही बोलत नव्हता. पलीकडचा माणूस हाका मारायचा ना, बायकोला. मनू, मनू म्हणून. सारखा विचारायचा, ती बाहेर आहे का. आणि तुम्ही त्याला सांगायचात, बाहेर कोणी नाही.’’ त्यांनी पायावरची चादर सारखी केली. ‘‘कधी आवाज चढवला नाहीत. कितीदा विचारलं तरी तेच, तितक्याच सभ्यपणे. मला फार कौतुक वाटायचं.’’

‘‘पलीकडे म्हणजे कुठल्या बाजूला?’’

काकांनी उजवा हात उचलला.

दहा नंबरच्या खाटेच्या उजव्या बाजूला भिंत आहे.

गिरिजाने सहाव्या रकान्यात पेन टेकवलं.  आणि तो रकाना तसाच सोडला. परळची बारा आणि इथली दोन वर्षं धरून पहिल्यांदा.

सातवा प्रश्न: ह्याची तुम्हाला भीती वाटली का?

‘‘तुमची? नाही मॅडम.’’

आठवा: हे अजूनही होतं का?

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ‘‘अजून पाचेक मिनिटं आहेत,’’ ते म्हणाले.

गिरिजाने फाइल मिटली. उरलेले सहा प्रश्न पुन्हा कधीतरी, तुम्ही आराम करा, असं काहीतरी ती बोलली. काका मान हलवून ‘हो मॅडम’ म्हणाले. ती बाहेरच्या खोलीत आली आणि चपला शोधायला लागली. वासंतीकाकू तिच्या मागोमाग आल्या. त्यांनी आतल्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.

‘‘एक बोलू का? राग मानू नका.’’

‘‘बोला ना काकू.’’

‘‘त्याला खरं का नाही सांगत तुम्ही?’’

‘‘कोणाला?’’

‘‘त्या माणसाला. ह्यांना अजून ऐकू येतो तो, रोज. फार तळमळतो म्हणतात. त्याची बायको बाहेरच बसलीय, हे ह्यांना माहिती आहे. एवढं एकदा सांगितलंत तर गप्प होईल बिचारा.’’ काकूंचा आवाज एवढासा झाला होता. ‘‘ह्यांनी सांगून बघितलं. तो ह्यांचं ऐकत नाही. तुमचंच ऐकतो.’’

गिरिजा एका पायात चप्पल घालून उभी होती. 

ओढलेल्या दाराआड पलंग करकरला. काका सावरून बसले असावेत.

‘‘या मॅडम,’’ त्यांचा आवाज आला. ‘‘बसा ना.’’

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. वासंतीकाकूंनी खाली बघितलं. त्यांना ह्याची सवय झाली होती.

एक प्रश्न विचारून व्हावा एवढा वेळ गेला.

‘‘हो मॅडम. झोप बरी लागते. पहाटे एकदा जाग येते, तेवढंच.’’

फाइल गिरिजाच्या छातीशी धरलेली होती, मिटलेली. तिने आठ प्रश्न विचारले होते. नववा झोपेचा होता.

आत पुन्हा तेवढाच वेळ गेला, आणि काकांनी दहाव्याचं उत्तर द्यायला सुरुवात केली.